कागदावरचा सारंग
अँथनी गोन्साल्विस यांच्या संगीतप्रयोगाचा विचार

१९७७ साली मनमोहन देसाई यांचा 'अमर अकबर अँथनी' पडद्यावर आला आणि एक नाव देशभर घरोघरी गेले. मोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ, किशोरकुमारचा आवाज आणि 'अँथनी गोन्साल्विस' हे नाव. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात ते नाव आजही गाजते. मात्र हे खऱ्या माणसाचे नाव आहे, तो माणूस संगीतकार होता आणि गाण्याचे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांपैकी प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला वाहिलेली ती दक्षिणा होती, हे फार थोड्यांना माहीत असते. ज्यांना माहीत असते तेही बहुधा एवढ्यावरच थांबतात. 'गाण्यामागची खरी गोष्ट' म्हणून हा किस्सा सांगितला जातो, ऐकणारा 'अरे वा' म्हणतो आणि विषय संपतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू त्या किश्शाच्या पलीकडे जाण्याचा आहे. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि राग हा पाया धरून पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी स्वतंत्र रचना लिहिल्या. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्या वाजल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे या प्रयोगात गायक म्हणून उभे राहिले. हा प्रयोग कोणत्या प्रश्नाला हात घालत होता आणि तो पुढे का गेला नाही, याचा विचार संगीताच्या अंगाने मराठीत व्हायला हवा, असे मला वाटते.

मी भोरला राहतो. संगीताचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. पेटीवर बोटे फिरवत, जुन्या बाजारातून आणलेल्या पुस्तकांवरून पाच रेघांची स्वरलिपी वाचायला शिकलो, आणि गेली पंधरा-सोळा वर्षे बँडवाले, सनईवाले आणि चित्रपटसंगीतातले वादक यांच्यामागे वही घेऊन हिंडतो आहे. त्या वहीतून आणि त्या कानाने हा लेख लिहिला आहे.

सासष्टीतून मुंबईकडे

अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील सासष्टीत, माजोर्डा या गावी झाला. वडील चर्चमधील गायकवृंदाचे मास्तर. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण गोव्यातला संगीतकार घडत असे तो याच वाटेने. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडून चालणाऱ्या शाळांमध्ये मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरओळखही दिली जाई. स्वरलिपी पाहून गाणे, म्हणजे 'सोल्फेज', आधी आणि वाद्य हातात नंतर, अशी ती शिस्त होती. आपल्याकडे गुरूच्या तोंडून चीज घेतात. तिथे कागदावरून घेतात. दहा-बारा वर्षांचा मुलगा अनोळखी कागद समोर ठेवला तर तो वाचून वाजवू शके.

अशा शिकलेल्या हातांना गोव्यात पोटापुरते काम मात्र नव्हते. म्हणून हे वादक ब्रिटिश हिंदुस्थानात आले. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, हॉटेलांतील नाचाचे वाद्यवृंद, मूकपटांच्या थिएटरांतील वादकजथे, सगळीकडे गोवेकर होते. मैहरचे अल्लाउद्दीन खाँ तरुणपणी कलकत्त्यात लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकले, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत येते. पुढे १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, मूकपटांची वादनाची कामे गेली, पण बोलपटांनी त्याहून मोठे दार उघडले. वाद्यवृंद वाढत गेले. कागद वाचून एका बैठकीत वाजवून देणारे वादक मुंबईत एकगठ्ठा मिळत होते, ते म्हणजे हे गोवेकर.

अँथनी १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले. लवकरच ते 'अरेंजर' झाले. 'दिल्लगी', 'नया दौर' अशा चित्रपटांच्या कामात त्यांचा हात होता. शिकवणीही चाले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन ही त्यांच्या शिष्यांतली दोन मोठी नावे.

अरेंजर काय करतो

'अरेंजर' या शब्दाला मराठीत नीट प्रतिशब्द नाही आणि तो नसल्यामुळे त्या कामाची दखलही नाही. संगीतकार पेटीवर चाल बांधतो. ती चाल दोन-तीन मिनिटांची असते, एका गळ्यासाठी असते. ती ऐकून साठ वादकांनी काय वाजवायचे हे कुणीतरी ठरवावे लागते. गाणे सुरू होण्यापूर्वीचा तुकडा, दोन कडव्यांमधले संगीत, गायकाच्या ओळीमागे चालणारी व्हायोलिनची दुसरी ओळ, बासरी कुठे शिरेल, चेलो कुठे थांबेल. हे सारे अरेंजर कागदावर उतरवतो, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद काढला जातो आणि मुद्रणाच्या दिवशी तो कागद वादकासमोर ठेवला जातो. वादकाला मेहनताना त्या पाळीचा. श्रेयनामावलीत अरेंजरचे नाव आलेच तर 'सहायक' म्हणून.

सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांच्या 'अलबेला'मागे चिक चॉकलेट होते. शंकर-जयकिशन यांच्यामागे वर्षानुवर्षे सेबॅस्टियन डिसूझा होते. नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या इंग्रजी पुस्तकात आणि ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन'मध्ये या मंडळींचा इतिहास कष्टाने जमवला आहे. त्यांनी मांडलेला सामाजिक इतिहास मी इथे पुन्हा सांगत नाही. मला त्यातून एक सांगीतिक मुद्दा उचलायचा आहे.

'राग लिहिता येत नाही' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. पण मुंबईच्या स्टुडिओंत १९४० नंतर रोज राग लिहिला जात होता. भैरवीतले, पहाडीतले, यमनातले गाणे असे. त्याच्या मधल्या संगीताची ओळ अरेंजर लिही आणि ज्याने आयुष्यात तानपुऱ्यासमोर बैठक मारली नाही असा वादक ती वाचून वाजवी. ती ओळ रागाची वाटे, कारण लिहिणाऱ्याचा कान रागाने भरलेला असे. अँथनी यांचे वेगळेपण इथेच सुरू होते. हिंदुस्थानी संगीत हे पोटासाठी लागणारे कौशल्य एवढेच न मानता त्यांनी ते जाणून घेतले, त्यात रस घेतला. बरोबरीच्या अनेक गोवेकर वादकांना नोकरीनंतर बीथोव्हेन किंवा जॅझ हवे असे. अँथनींना राग हवा होता, आणि तोही आपल्या हातातल्या विद्येने.

दोन शीर्षके, दोन कोडी

त्यांच्या रचनांची तीन नावे ठळकपणे पुढे येतात: 'सोनाटिना इंडियाना', 'काँचेर्टो इन राग सारंग' आणि 'काँचेर्टो फॉर व्हायोलिन अँड ऑर्केस्ट्रा इन तोडी थाट'. पहिले नाव सर्वसाधारण आहे. उरलेल्या दोन नावांपाशी मात्र थांबायला हवे. रचनाकार आपल्या कृतीला नाव देतो तेव्हा तो आपला प्रश्नही सांगत असतो.

पाश्चात्त्य संगीताचा सांगाडा स्वरसमूहांवर, म्हणजे एका वेळी वाजणाऱ्या तीन स्वरांवर उभा असतो. सप्तकातला एक स्वर सोडून पुढचा, पुन्हा एक सोडून पुढचा, असे तीन स्वर मिळून एक 'कॉर्ड' होते. सा-ग-प ही घरची कॉर्ड. प-नि-रे ही पंचमावरची कॉर्ड, ती कानाला घराकडे ओढते. घर सोडणे, भटकणे आणि पंचमाच्या कॉर्डवरून परत घरी येणे, यावर तिकडची दोन-तीनशे वर्षांची इमारत उभी आहे.

आता सारंग घ्या. नुसते 'सारंग' म्हटले की आपण वृंदावनी सारंग समजतो. सा रे म प नि, आरोहात शुद्ध निषाद, अवरोहात कोमल. गंधार आणि धैवत वर्ज्य. गंधार नाही म्हणजे सा-ग-प ही कॉर्डच तयार होत नाही. धैवत नाही, त्यामुळे मध्यमावरची म-ध-सा हीसुद्धा नाही. पण प-नि-रे मात्र आहे, तीनही स्वर सारंगाचे. कोमल निषादापासून मोजले तर नि-रे-म हीही आहे. म्हणजे आरोहात पंचमाची कॉर्ड मिळते आणि अवरोहात कोमल निषादाची. घराकडे नेणारी वाट शाबूत आहे, फक्त घर नाही. वाद्यवृंदासाठी सारंग लिहिणाऱ्याला शेवटच्या षड्जावर काय वाजवायचे हा प्रश्न सोडवावाच लागतो. गंधार घातला तर सारंग गेला. न घातला तर सा आणि प एवढ्या दोन स्वरांवर उभे राहावे लागते आणि तानपुऱ्याचा पोकळ, उघडा नाद वाद्यवृंदात आणावा लागतो.

तोडी थाटात कोडे नेमके उलटे आहे. सा, कोमल रे, कोमल ग, तीव्र म, प, कोमल ध, शुद्ध नि. इथे सा-ग-प आहे, गंधार कोमल असल्यामुळे उदास छटेची. घर आहे. पण पंचमाच्या कॉर्डला शुद्ध ऋषभ लागतो, आणि तोडीत आहे तो कोमल. प-नि-कोमल रे असे तीन स्वर एकत्र वाजवले तर ती कॉर्ड आखडते, डळमळते. घराकडे जाणारी वाटच मोडलेली. शिवाय तोडी रागात पंचमाचा वापर बेताचा, आणि कोमल ऋषभ पेटीवरच्या कोमल ऋषभापेक्षाही खाली लागतो. त्या स्वरासाठी एकल वाद्य म्हणून व्हायोलिन निवडणे समजण्यासारखे आहे. व्हायोलिनला पडदे नाहीत, बोट हवे तिथे थांबते, आणि तोच या माणसाचा हात होता.

आणखी एक गोष्ट. सारंगाच्या नावात 'राग' आहे आणि तोडीच्या नावात 'थाट'. भातखंड्यांच्या दहा थाटांची मांडणी ज्याला माहीत आहे त्याला या दोन शब्दांतले अंतर ठाऊक असते. थाट म्हणजे सात स्वरांचा साचा. राग म्हणजे त्या स्वरांची वागणूक: कुठे थांबायचे, कोणता स्वर ओझरता लावायचा, चढताना काय आणि उतरताना काय. अनेक वाद्ये एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी वाजवू लागली की आतल्या ओळींना रागाचे चलन पाळणे फार अवघड होते. चेलोची ओळ तोडीचे स्वर घेईल, पण तोडीसारखी चालेलच असे नाही. म्हणून तिथे 'थाट' म्हणणे हा मला नेमकेपणा वाटतो. सारंगात पाचच स्वर, स्वरांमधली अंतरे मोठी, तिथे चलन सांभाळणे शक्य. तिथे ते 'राग' म्हणतात. हा शब्दभेद अजाणता झाला असेल असे मानायला माझे मन तयार होत नाही. ज्याच्या घरात लिहून ठेवण्याची परंपरा होती त्याला लिहिण्याची मर्यादाही कळत होती.

मराठी मुलखातला जुना वाद

राग लिहावा की नाही हा वाद आपल्याकडे नवा नव्हता. बडोद्याला मौलाबक्षांनी एकोणिसाव्या शतकात स्वरलिपी करून शाळा चालवली. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आपल्या लिपीत पुस्तके छापली. भातखंड्यांनी वेगळी लिपी केली आणि शेकडो चिजा उतरवल्या. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींचे मोजमाप मांडले. या सर्वांचा हेतू जतन आणि शिक्षण हा होता. चीज हरवू नये, विद्यार्थ्याला घरी आठवावी, म्हणून लिहायची. मैफलीत मात्र कागद नाही.

अँथनींचा हेतू वेगळा होता. त्यांना चीज जतन करायची नव्हती. रागाचे नवे बांधकाम करायचे होते, जे कागदाशिवाय उभेच राहू शकत नाही. त्यामुळे भातखंडे-पलुसकरांच्या लिपीचा वाद त्यांना लागू पडत नाही. त्यांच्यावर घेता येईल असा खरा आक्षेप दुसराच आहे. रागाचा षड्ज हलत नाही. पाश्चात्त्य काँचेर्टो षड्ज हलवून, म्हणजे मधेच स्वरांचे केंद्र बदलून, वीस-पंचवीस मिनिटांचा पल्ला गाठतो. ती सोय गेली की लांबी कशाच्या बळावर तोलायची? राग आपली लांबी बढतीतून मिळवतो, मंद्रातून तारापर्यंत, विलंबितातून द्रुतापर्यंत, आणि ही बढत त्या त्या दिवशी सुचते. ती आधी लिहून ठेवली की तिच्यातला अंदाज निघून जातो.

या आक्षेपाला वेगवेगळ्या रचनाकारांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. अल्लाउद्दीन खाँनी मैहरला अनाथ मुलांना घेऊन बँड उभा केला, रागातल्या छोट्या रचना बांधल्या आणि सर्वांनी बहुतांशी एकच ओळ वाजवायची ठेवली. लांबीचा आणि कॉर्डचा दोन्ही प्रश्न त्यांनी उद्भवूच दिले नाहीत. रविशंकरांनी १९७१ मध्ये आंद्रे प्रेविन आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी सतारीचा काँचेर्टो केला. त्यात चार भागांना चार राग आहेत: खमाज, सिंधी भैरवी, अडाणा, मांज खमाज. षड्ज हलवता येत नाही तर राग बदलला. कॉर्डचा वापरही त्यांनी अगदी जपून केला. अँथनी यांनी मात्र एका रागाचे नाव शीर्षकात घालून त्यातच काँचेर्टो उभा करण्याचा पण घेतला, तोही रविशंकरांच्या आधी तेरा वर्षे. तिघांत कठीण वाट त्यांची होती.

भोर-वेल्ह्याचा बँड आणि मींड

इथे मी थोडा आमच्या मुलखात येतो, कारण हा प्रश्न मला पुस्तकात कळण्याआधी वरातीत कळला.

भोर, नसरापूर, विंझर, वेल्हे या पट्ट्यात लग्नसराईत बँड लागतो आणि देवाच्या कामाला सनई लागते. कधी दोन्ही एकाच मांडवात असतात. तेच गाणे सनईवाला वाजवतो आणि बँडचा क्लॅरिनेटवालाही वाजवतो, आणि दोन्हींत फरक ऐकू येतो. सनईवाला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, क्लॅरिनेटवाल्याला पायऱ्या उतराव्या लागतात. ट्रंपेटचे तर तीनच खटके. पितळी वाद्यांत एकटा ट्रॉम्बोन असा आहे की ज्याची नळी हाताने मागेपुढे सरकते, त्यामुळे त्याला मींड घेता येते. नळी असलेला ट्रॉम्बोन आमच्याकडे दुर्मीळ झाला, पण तो वाजवणारे एक जुने वादक मला भोरच्या आठवडी बाजारात भेटत. ते म्हणत, 'याला पडदा नाय, म्हणून हा गातो. बाकीचे बोलतात.' वाद्यवृंदासाठी राग लिहिणाऱ्याची अडचण यापेक्षा थोडक्यात कुणी सांगितलेली मी ऐकली नाही. व्हायोलिने, चेलो आणि ट्रॉम्बोन गाऊ शकतात. ओबो, क्लॅरिनेट, ट्रंपेट यांना बोलावे लागते. कोणत्या वाद्याला रागाची कोणती ओळ द्यायची, हे त्यावर ठरते.

त्याच वादकांकडून मला दुसरी गोष्ट मिळाली. बँडवाले जुने गाणे वाजवतात तेव्हा नुसती गायकाची चाल वाजवत नाहीत. दोन कडव्यांमधले 'म्युझिक'ही वाजवतात, तेही वाद्यावाद्यांत वाटून. ते चुकले तर मालक ओरडतो. यांतल्या बहुतेकांना पाच रेघांची लिपी वाचता येत नाही. बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे ते कानाने आले आहे. म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत एका गोवेकराने कागदावर लिहिलेला तुकडा तोरण्याच्या पायथ्याला तोंडी परंपरा होऊन बसला आहे. लिहिणाऱ्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही, पण स्वर शाबूत आहेत.

याचा अर्थ असा की या लोकांनी रागाच्या अंगाने लिहिलेले संगीत आपल्या समाजाने नाकारलेले नाही. गाण्याच्या पोटात घालून दिले तेव्हा ते खेड्यापाड्यांत रुजले. स्वतंत्र रचना म्हणून पुढे ठेवले तेव्हा ते वाऱ्यावर गेले. दोष स्वरांत असता तर पहिलेही रुजले नसते.

दुसऱ्यांदा वाजण्याचा प्रश्न

मग अडले कुठे? माझ्या मते उत्तर साधे आहे. लिहिलेले संगीत पहिल्या प्रयोगाने जगत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाने जगते. आपली मैफल एकदाच होते आणि तिथेच पूर्ण होते. पुढच्या वेळी गायक तोच राग नव्याने मांडतो. लिखित रचनेचे तसे नाही. पहिल्या वेळी वादक चाचपडतात, रचनाकाराला स्वतःच्या चुका ऐकू येतात, तो दुरुस्त करतो. दुसऱ्या वेळी दुसरा संचालक तिचा वेगळा अर्थ लावतो. श्रोत्यालाही ओळखीचे वळण येते तेव्हा आनंद होतो. हे सगळे घडायला कायम वाद्यवृंद लागतो, तालमीला जागा लागते, पगार लागतो.

मुंबईत त्या काळी कायम वाद्यवृंद होता तो चित्रपटांचा. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता आणि त्यातही गोवेकर वादक बसत, पण तो युरोपीय संगीतासाठी होता. आकाशवाणीने १९५२ साली दिल्लीत रविशंकरांच्या हाती वाद्यवृंद दिला. अँथनींची रचना दोन्हीकडे परकी. एका घरात तिचा राग अडचणीचा, दुसऱ्यात तिची काँचेर्टोची बांधणी. म्हणून त्यांना स्वतःचा वाद्यवृंद काढावा लागला. दिवसभर स्टुडिओत पाळ्या करणाऱ्या वादकांना उरलेल्या वेळात जमवून एक प्रयोग होतो. परंपरा होत नाही. मैहरच्या बँडला संस्थानचा आधार होता आणि तो बँड आजही वाजतो. रविशंकरांचा काँचेर्टो ध्वनिमुद्रित झाला आणि तो आजही ऐकता येतो. गुणवत्तेचा हिशेब क्षणभर बाजूला ठेवला तरी हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

अँथनींच्याच वर्षी, १९२७ साली, मुंबईत वनराज भाटिया जन्मले. ते लंडनच्या रॉयल अकादमीत शिकले, पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकले आणि परत आले. त्यांनाही स्वतःच्या गंभीर रचनांपेक्षा जाहिराती आणि 'अंकुर'पासूनचे चित्रपट यांवरच जगावे लागले. उत्तम परदेशी शिक्षण असलेल्यालाही जे जमले नाही ते चर्चच्या शाळेतून आलेल्या व्हायोलिनवादकाला जमले नाही, यात त्याचे अपयश शोधणे अन्यायाचे आहे.

साठच्या दशकाच्या मध्यावर अँथनी सिरॅक्यूज विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. परतले ते मुंबईच्या स्टुडिओंत न रमता माजोर्ड्याच्या घरी, आणि तिथेच शांतपणे राहिले. मराठी समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, त्यामुळे उतारवयात का होईना, काही लोकांना तो चेहरा पाहायला मिळाला. १८ जानेवारी २०१२ रोजी ते गेले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत बहुतेक ठिकाणी मथळ्यात ते गाणेच होते.

नावाचे काय करायचे

प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. गुरूचे नाव गाण्यात गुंफणे ही त्यांच्या हाती असलेली सर्वांत मोठी गोष्ट होती आणि त्यांनी ती केली. शिवाय लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांतल्या भरगच्च व्हायोलिनांत त्या शिकवणीचा वाटा आहेच. गुरूचा खरा वारसा मला तिथे ऐकू येतो. तरीही त्या चित्रपटाने त्या नावाला एक रूप चिकटवले. हिंदी चित्रपटाने गोवेकर ख्रिस्ती माणसाला नेहमी जे रूप दिले, दारू, विनोद, मोडकीतोडकी भाषा, तेच. आणि त्या विनोदामागचे संगीत वाजवायला पडद्याआड गोवेकरच बसलेले असत. एका माणसाने रागाला सिम्फनीचे घर बांधायचा ध्यास घेतला आणि त्याचे नाव आठवताना आपल्याला अंड्यातून उडी मारणारा नट आठवतो. हे दुखणे कुणा एकाने केलेले नाही. ज्या संगीताला आपण दुसऱ्यांदा वाजण्याची संधी देत नाही, त्याची जागा कुठला तरी किस्सा घेणारच.

आज परिस्थिती थोडी बदलली आहे. मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. पणजीला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. व्हायोलिन शिकणारी आणि त्याच वेळी राग ऐकणारी मुले पुण्यात, मडगावात, मुंबईत आहेत. राग आणि वाद्यवृंद यांच्या मेळाबद्दल त्यांना शिकवायचे झाले तर आपण रविशंकरांपासून सुरुवात करतो. सुरुवात १९५८ च्या झेवियर्सच्या चौकापासून व्हायला हवी. सारंगाच्या शेवटच्या षड्जावर वाद्यवृंदाने काय वाजवावे आणि तोडीत पंचमावरून परत कसे यावे, ही दोन कोडी त्यांच्यासमोर ठेवावीत. मुलांनी ती आपापल्या परीने सोडवावीत आणि मग अँथनी गोन्साल्विस यांनी ती कशी सोडवली याची जोड द्यावी. रचनाकाराची आठवण ठेवायची रीत हीच आहे: त्याचा प्रश्न पुन्हा विचारायचा.

आमच्याकडे वेल्ह्याच्या बाजूला एखाद्या वरातीत 'नया दौर'चे गाणे लागते आणि बँडवाले मधले म्युझिक न चुकता वाजवतात. त्यांना मी आता सांगतो की हे लिहून काढणाऱ्या माणसांत एक अँथनी गोन्साल्विस होते. पोरे हसतात, गाण्यातलाच अँथनी का, असे विचारतात. मी म्हणतो, गाणे त्यांच्या शिष्याचे. मग एखादा क्लॅरिनेटवाला विचारतो, 'त्यांचं स्वतःचं काय होतं?' तेव्हा मी त्याच्याच क्लॅरिनेटवर त्याला सारंगाचा आरोह वाजवायला सांगतो, बाजूच्या युफोनियमवाल्याला पंचम धरायला लावतो आणि दोघांना षड्जावर आणून थांबवतो. 'आता खाली ग घालू का?' युफोनियमवाला विचारतो. क्लॅरिनेटवाला मान हलवतो. नाही.